स्टेडियमखालची जमीन आणि उन्हाची बाजू

हे मृत्युपत्र मला केवढ्याला पडले ते आधी सांगतो. नोटरींची फी साडेचार हजार पेसो. दुपारी त्यांनी खाल्लेला भाजलेला मासा, जो त्यांनी माझ्या खात्यावर मांडायला सांगितला. आणि माझ्या मुलाचा अबोला, जो मंगळवारपासून चालू आहे. पहिल्या दोन्हींचे पैसे मी चुकते केले आहेत. तिसरे अजून अंगावर आहे.

मी, एलेउतेरियो बोहोर्केस आर्मेंता, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा भोपळ्याच्या बिया भाजून विकणे, राहणार सान एलियास बंदर, सिनालोआ. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. नोटरींना शंका होती, म्हणून त्यांनी गेल्या रविवारच्या बेसबॉल सामन्यातला दोन्ही संघांचा फलंदाजीचा क्रम विचारला. तो मी न अडखळता सांगितला आणि त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्रातली एक चूकही दुरुस्त करून दिली. हा दस्त मी राजीखुशीने करीत आहे. दबाव आला होता, सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत. त्याचा उपयोग झाला नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले बायकोवर रागावून केले होते, दुसरे ती गेल्यावर रडत रडत. दोन्ही वेळा अक्षरही नीट आले नव्हते.

कलम पहिले. धक्क्याजवळचे राहते घर माझी मुलगी निकोलासा हिला. नाताळात तिचा भाऊ आला तर त्याची खोली झाडून ठेवावी. तो तक्रार करील. करू द्यावी.

कलम दुसरे. बियांचा कारखाना, भाजायची दोन्ही फिरती पिंपे आणि गळ्यात अडकवायची लाकडी पेटी, जिच्यातून मी लहानपणी जुन्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर बिया विकल्या, हे सर्व निकोलासाला. मीठ किती घालायचे ते तिला माहीत आहे. ते इथे लिहीत नाही, कारण हा दस्त नोटरींचा कारकूनही वाचणार.

कलम तिसरे. बँकेतील शिल्लक दोघांत निम्मी निम्मी. बंदरावरचे गोदाम माझा मुलगा एरिबेर्तो याला. तो हिशेबाला पक्का आहे, हे मी अभिमानाने नमूद करतो. पुढच्या कलमात त्याच्याविषयी जे येईल ते या वाक्यासकट वाचावे.

कलम चौथे. मिठागरापलीकडची बारा हेक्टर जमीन, जिच्यावर पेलिकानोस संघाचे स्टेडियम उभे आहे.

ही जमीन मी घेतली तेव्हा तिच्यावर फक्त खेकडे फिरत. आज तिला लागून मोठा रस्ता गेला आहे आणि दोन्ही अंगांना दुकानांचे मजले चढले आहेत. संघ तेव्हाही हरत होता. गावातल्या जुन्या लाकडी स्टेडियमात हजार-दीड हजार माणसे यायची, आणि संघ उत्तरेकडच्या सरहद्दीवरल्या शहरात हलवण्याचे लीगने जवळजवळ ठरवले होते. क्लबचे अध्यक्ष इंजिनियर उलिसेस तिरादो सांगत सुटले की नवे स्टेडियम बांधले की गर्दी आपोआप येईल. मलाही ते पटले. मी जमीन फुकट दिली, पण दोन गोष्टी लिहून घेतल्या. एक, लागोपाठ दोन हंगामांत मिळून दर सामन्याची सरासरी पाच हजार प्रेक्षकांच्या खाली गेली, तर जमीन मला किंवा माझ्या वारसांना परत. दुसरी, स्टेडियमवर माझे नाव, पुरुषभर उंच लोखंडी अक्षरांत. ते समुद्रावरून वाचता येते. या किनाऱ्यावर बोहोर्केस हे नाव आणखी शंभर वर्षे लोकांच्या तोंडी राहील, असे मी उद्घाटनाच्या भाषणात म्हणालो, आणि टाळ्या पडल्या.

पहिला महिना मुंगी शिरायला जागा नव्हती. तिरादो मला मिठी मारून म्हणाले, “बघितलंत? मी काय सांगत होतो?”

माझ्या कानांना तेव्हाच खटकले होते. लोक येत होते, पण ओरडत नव्हते. ते सरकता जिना बघायला, मोठ्या पडद्यासमोर फोटो काढायला आणि संडासात किती आरसे आहेत ते मोजायला आले होते. एकदा बघून झाले. दुसऱ्या हंगामात डिसेंबर लागला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि चेंडू हातमोज्यात बसल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत ऐकू यायचा. ज्या मैदानात तो आवाज वरपर्यंत जातो ते मैदान आजारी आहे.

एरिबेर्तो कागद घेऊन आला. “अपा, अकरा सामने राहिलेत. असंच चाललं तर जमीन आपली. दुकानवाल्यांनी आत्ताच भाव विचारलाय.”

“आणि संघ?”

“संघ तसाही हरतोच की. तिकडं जाऊन हरेल.”

हिशेब बरोबर होता. मला रात्रभर झोप आली नाही, एवढेच त्याच्याविरुद्ध सांगता येईल.

सकाळी मी रोसेंदा योकुपिसिओकडे गेलो. ती निकोलासाची धर्ममाता, म्हणून मी तिला कोमाद्रे म्हणतो आणि ती मला कोम्पाद्रे. जुन्या स्टेडियमात तिने चाळीस वर्षे उन्हाच्या बाजूला बाकावर बसायच्या उशा भाड्याने दिल्या. उन्हाची बाजू म्हणजे स्वस्त बाकांची. समोर छपराखाली सावलीवाले, महाग तिकिटांचे. या दोन बाजू एकमेकींना सामनाभर टोमणे मारीत, आणि उन्हाकडचा पहिला टोमणा रोसेंदाचा असे. नव्या स्टेडियमात ती फक्त एकदा आली होती.

ती अंगणात उशांना टाके घालीत बसली होती.

“कोमाद्रे, येत का नाहीस?”

“आले होते की. कॉम्प्युटरनं मला कुठं बसवलं माहितेय? एका हाताला दातांचा डॉक्टर, दुसऱ्या हाताला त्याची बायको. मी पंचाला एक शब्द बोलले, तर तिनं पोराचे कान झाकले.”

“मग आपली माणसं?”

“एक तिकडं, एक वर, दोन खांबामागं. एकट्यानं कोण ओरडतं हो? आणि ओरडायचं कोणावर? तुम्ही सगळ्यांनाच सावली दिलीत, कोम्पाद्रे. आता चिडवायला समोर कोणी उरलंय का?”

मी तसाच तिरादोंच्या कचेरीत गेलो. उजव्या बाजूचे, जिकडे ऊन येते तिकडचे, छप्पर उतरवा, म्हटले, क्रमांकाच्या खुर्च्या काढा, साधे बाक टाका, तिकीट निम्म्यावर आणा आणि ढोलवाल्यांना आत सोडा.

ते म्हणाले, “अहो एलेउतेरियो, लोकांना ऊन लागू नये म्हणून आम्ही कर्ज काढलं. आता ऊन लागावं म्हणून पुन्हा पैसे घालायचे?”

“मी घालतो.”

“आणि पाच हजार भरले तर तुमची जमीन गेली. कळतंय ना?”

“मी बिया विकतो, इंजिनियरसाहेब. रिकाम्या खुर्च्या बिया खात नाहीत.”

आठवड्यात पत्रे उतरले. पहिल्याच रविवारी रोसेंदा आली. मागे सगळी जुनी मंडळी, बगलेत उशा, आणि त्यांच्यामागे ढोल नि तुताऱ्या. ती पहिल्या बाकावर उभी राहिली, समोर सावलीकडे नीट बघून घेतले आणि आवाज टाकला, “काय गं बायांनो, आइस्क्रीम वितळलं का तुमचं?”

समोरच्यांची सवय मोडली होती. मग दाताचे डॉक्टर बाल्तासार एन्सिनास, तेच, सावकाश उठले आणि तोंडाशी हात धरून म्हणाले, “टोपी घाला, बाई. आत जे थोडंफार आहे ते उन्हानं आटेल.”

त्यानंतर जो आवाज झाला तो मी मरेपर्यंत कानात ठेवणार आहे. आम्ही तो सामना नऊ-एक असा हरलो आणि एकही माणूस लवकर उठला नाही. पुढच्या खेपेला सावलीवाले दुप्पट आले, कारण त्यांना उत्तर द्यायचे होते. त्याच्या पुढच्या खेपेला उन्हाकडच्या बाकांवर मांडीला मांडी. हंगामाच्या शेवटच्या दिवशी पोलिसांनी दारे बंद करून बाहेरच्यांना परत पाठवले.

एरिबेर्तोने सरासरी स्वतः काढली, तीनदा. “दोनशेनं वर गेलीय, अपा.”

“पोरा, तू बरोबर मोजलंस. मी नुसतं ऐकत होतो.”

तेव्हापासून तिथे आवाज कमी झालेला नाही. संघ अजून तळालाच आहे आणि इथेच आहे. म्हणून माझा निर्णय असा: गर्दी कमी झाल्यास जमीन परत मागण्याचा हक्क मी माझ्या वारसांकडे जाऊ देत नाही. ज्याला संघ बुडण्यात फायदा आहे अशा माणसाला माझ्या घरात मी मागे ठेवणार नाही. तो हक्क मी रद्द करतो, आणि क्लबने त्याबदली लेखी मान्य केलेला नवा हक्क रोसेंदाच्या आणि तिच्या पश्चात उन्हाची बाजू निवडील त्या व्यक्तीच्या नावे करतो: उजव्या बाजूवर पुन्हा छप्पर आले, किंवा त्या बाकांवर क्रमांक पडले, तर जमीन त्यांची.

कलम पाचवे. एरिबेर्तोला सावलीकडची माझी पहिल्या रांगेतली कायमची खुर्ची. तिथे बसले की समोरून सगळे ऐकू येते. एकदा त्याने उठून उत्तर दिले की आमचा अबोला मिटला असे मी समजेन, जिथे असेन तिथून.

कलम सहावे. इंजिनियर तिरादो अजूनही मुलाखतींत सांगतात की गर्दी स्टेडियममुळे वाढली. त्यांना उतरवलेल्या पत्र्यांपैकी एक, वाहतूक खर्च माझा.

कलम सातवे. माझी अंत्ययात्रा घरच्या सामन्याच्या दिवशी काढू नये. कोणी येणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. साक्षीदार जागा सोडायला तयार नसल्याने सह्या स्टेडियमातच, उन्हाच्या बाजूला, पाचव्या डावात झाल्या.

साक्षीदार: रोसेंदा योकुपिसिओ, उन्हाकडून.
साक्षीदार: डॉ. बाल्तासार एन्सिनास, सावलीकडून. सहीपुरते इकडे आले, त्याबद्दल त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले.

सही: एलेउतेरियो बोहोर्केस आर्मेंता
ठिकाण: सान एलियास. दिनांक: रविवार, १६ डिसेंबर २०१८.

नोटरींची टीप: मला पहिल्या डावात पोहोचायचे होते. बसथांब्यावर मी बोहोर्केस स्टेडियमची बस विचारली. तीन चालकांनी असे स्टेडियम इथे नाही म्हणून सांगितले. चौथ्याने विचारले, “म्हणजे रोसेंदाचं मैदान का?” आणि मला बसवून घेतले.