वरून आपला मुलूख दिसतो

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार लिहिला आणि सवयीनं 'आपली खुशाली कळवावी' लिहायला गेलो, तर हात थांबला. चार वरसं झाली तुमाला जाऊन. एवढ्या दिवसांत कधी चिठी लिहिली न्हाई, मग आजच कावून? दादा, आज मी चारमिनारवर चढलो! पार वरपतोर!

केजच्या तहसिलीचे कागद घेऊन हैदराबादला आलोय. काम उरकलं, मग पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्या चाचाला विनवलं. पुस्तकी मराठी आज बाजूला ठिवतो, तुमच्याशी बोलायचो तसंच लिहितो.

काय तो जिना! अंधारा, अरुंद, गरगर फिरत जाणारा. आणि वर आल्यावर... अगागागा! चारी दिशांना चार रस्ते, घुमट, बाजार, लांब मुशी नदी. टांगे काडेपेटीएवढे. आणि घारी माझ्या खाली उडत होत्या, दादा! घारीची पाठ जन्मात पयल्यांदा बघितली.

मग भिंतीला हात लावला. चुना कसा, लोण्यावाणी गुळगुळीत. तुमी दोन हिवाळे हितं दुरुस्तीचं गवंडीकाम केलं. बेलफळ आणि गुळाचं पाणी घालून चुना घोटला, बांबूच्या परांचीवर बसून मिनाराला लावला. खाली काय, नुसता वारा! मी तर कठडा सोडायला तयार न्हाई. तुमाला भ्या कसं वाटलं न्हाई हो? का वाटलं, आणि घरी सांगितलं न्हाई?

आता जे लिहायचंय ते लिहितो.

नांदूरघाटच्या चावडीवर तुमी सांगत होता, "वरून आपला मुलूख दिसतो." कुणी तरी बोललं, "मग आमची म्हैस कुणाच्या रानात शिरली ते बी दिसलं आसंल की!" सगळे खो खो हसले. मी नवा नवा कारकून, उर्दू-फारसी शिकलेला. मला लाज वाटली. "बास करा, दादा," मी चारचौघांत बोललो. "शंभर कोसांवरचं गाव दिसतं व्हय? उगं थापा!"

तुमी माझ्याकडं बघितलं, "बरं," म्हणून उठला. त्यानंतर हैदराबादचं नाव तुमच्या तोंडून कधी आलं न्हाई. रागवायचं तरी होतं! मला दोन शिव्या हासडल्या असत्या, तर माफी तरी मागता आली असती.

आज माझे पाय कधी वायव्येच्या कठड्याकडं वळले, मलाच कळलं न्हाई. चाचा मागून हसला. "क्या मियाँ, अपना मुलुख देखरै क्या? बाहर गाँव का जो भी आता, अपनेच मुलुख की तरफ मूँ करके खड़ा होता. दिखता कुछ नै, मगर हटता बी नै."

"दिखता है, चाचा," मी म्हणालो.

खरंच दिसलं, दादा! धुरळ्यापल्याड आपलं दार दिसलं. आई जात्यावर बसलेली, अंगणात माझी पोरगी एका पायावर उड्या मारतीय. ते डोळ्याला दिसलं का कशाला, मला सांगता येत न्हाई. पण दिसलं! आणि मग ध्यानात आलं, तुमी हितं उभं ऱ्हायचा तवा त्या अंगणात मी असायचो. तुमी शंभर कोसांवरून मला बघत होता, आणि मीच तुमाला खोटं पाडलं. मी लई रडलो, दादा. चाचानं तोंड फिरवून घेतलं.

आता वचन देतो. गावी गेलो की पयल्याच दिवशी चावडीवर, चारचौघांत सांगणार, चारमिनारवरून आपला मुलूख दिसतो. हसतील, हसू द्या. कुणी तरी म्हणंलच, "ह्यो बी बापावरच गेला!"

तेवढं एक ऐकायला मी गावाकडं निघालोय.

तुमचा,
रंगनाथ