अठ्ठाविसाव्या दिवसाचे ठोकळे

३ जून, सोमवार
पोचले एकदाची. म्बेयाहून दोन दिवस बसमध्ये अंग आंबून गेलं, पण खोली पाहून शीण उतरला. खिडकीतून विमानतळाच्या नव्या टर्मिनलचा सांगाडा दिसतो आणि त्यामागे सरोवर. काँक्रीट तपासनीस म्हणून ही माझी पहिली स्वतंत्र नोकरी. आई म्हणते, आमची तुम्पे लग्नात नवऱ्यालाही काट्यावर उभा करेल. करेनच. संशय घेण्याचाच तर मला पगार आहे.

साइटवर सगळे फार गोड वागले. म्हातारे मिस्त्री लुगोलाबाबा स्वतः शेडपर्यंत सोडायला आले. दुपारी वांकुरूआईच्या टपरीत मक्याची घट्ट उगाली आणि तळलेला सातो मासा खाल्ला. तिने मोठा तुकडा वाढला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

६ जून, गुरुवार
आज निर्गमन कक्षाचं छत ओतलं. छतात गेलं तेच काँक्रीट मी सहा साच्यांत भरून घेतलं. आठ-आठ किलोचे हे ठोकळे पाण्याच्या टाकीत ठेवायचे, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे. ते किती भाराला फुटले, त्यावरून छताची ताकद कळते.

इथे ठोकळ्यांवर फक्त आकडे घालतात. भरणाऱ्याचं नाव नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. नाव नसलं की ठोकळे बदलायला मोकळं रान, छतात पातळ माल आणि टाकीत घट्ट माल. मी खिळा घेऊन ओल्या काँक्रीटवर सहाही ठोकळ्यांना माझं नाव कोरलं. लुगोलाबाबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "नंबर घाल, तारीख घाल. नाव नको घालूस, पोरी." कारण विचारलं तर थापी उचलून चालू लागले. म्हणजे लबाडी आहेच. यांचं बिंग मी फोडणार.

१३ जून, गुरुवार
सातवा दिवस. पहिला ठोकळा यंत्रात ठेवला. भार चढत गेला तशी छाती आवळत गेली. मला वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून असेल. ठोकळा कट्‌कन फुटला आणि मी खाली कोसळले. दवाखान्यात फोटो काढला तर डावी बरगडी मोडलेली. कुठे पडलात, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते. पडण्याआधीच मोडली, हे त्यांना कसं सांगू?

बाकीचे पाच ठोकळे तसेच टाकीत आहेत. मला मारायला कुणी यंत्रात काही खोडी केली असेल काय? लुगोलाबाबा दवाखान्यात आले, संत्री ठेवून गेले आणि माझ्या नजरेला नजर देईनात.

१९ जून, बुधवार
जुनी नोंदवही कपाटामागे सापडली. दडवली होती. गेल्या वर्षीपर्यंत ठोकळ्यांवर नावं घालत. एकूण चार नावं, आणि प्रत्येक नाव अठ्ठाविसाव्या दिवसानंतर वहीत पुन्हा दिसत नाही. शेवटचं नाव मसुंगा, माझ्या आधीचा तपासनीस.

इंजिनियर किसांगांना विचारलं. ते म्हणाले, कामगार येतात-जातात, मसुंगा बंदरावर लागला असेल. वांकुरूआईने मात्र पातेलं उतरवून ठेवलं आणि सांगितलं. मसुंगा तिच्याच बाकावर चहा पीत बसला होता. तपासणीच्या शेडमध्ये त्याचे ठोकळे फोडत होते. तिसरा फुटला आणि तो बाकावरच घडी पडावी तसा कायमचा मिटला. त्या दिवसापासून लुगोलाबाबांनी नावं बंद केली. वर कळवलं तर सगळे हसले म्हणे.

मी तिला म्हणाले, ही भाकडकथा आहे. खोलीवर येऊन दाराला कडी घातली.

२२ जून, शनिवार
पडताळून पाहिलं. मी तपासनीस आहे, ऐकीव गोष्टीवर विसंबत नाही.

आधी शेडमधला जुना, नुसत्या नंबरचा ठोकळा फोडला. मला काही झालं नाही. मग माझ्या नावाचा ठेवला आणि चाक जेमतेम पाव फिरवलं. श्वास थांबला. चाक सोडलं, श्वास आला. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

मला भीती वाटते. हे लिहिताना लाज वाटत नाही.

२५ जून, मंगळवार
ठोकळे घरी आणते आहे. कांग्याच्या कापडात गुंडाळून रोज एक, बजाजी रिक्षात मांडीवर घेऊन. कालचा रिक्षावाला विचारत होता, बाई, बाळ लहान आहे का? मी हो म्हणाले आणि त्याला सावकाश चालवायला लावलं.

२९ जून, शनिवार
पाचही खाटेखाली. वहीत लिहिलं, हलवताना तुटले, फेकून दिले. जन्मात पहिली खोटी नोंद. तुम्पे म्वाकालिंगाने नोंद खोटी लिहिली! पण जीव वाचला.

लुगोलाबाबांनी टाकी रिकामी पाहिली. ते मला काहीतरी सांगायला आले होते. मी दार उघडलं नाही. कुणास ठाऊक, ठोकळे न्यायलाच आले असतील.

२ जुलै, मंगळवार
किसांगांनी निकाल मागितला. मी म्हणाले, तुटले. ते रागावले नाहीत. हरकत नाही म्हणाले, आणि कॅलेंडर पाहिलं.

हरकत नाही म्हणजे? या माणसाला निकाल नको का?

४ जुलै, गुरुवार
सकाळी दहा. रजा टाकली आहे. ठोकळे मोजले, पाच. ओले फडके घातले. दाराला खुर्ची लावली. आजचा दिवस गेला की —

हातोड्यांचा आवाज.

खिडकीतून दिसतं. छताखाली माणसं जमली आहेत.

सव्वादहा. लुगोलाबाबांचा फोन. किसांगांनी हुकूम दिला — निकाल नाही तर दिवस मोजा, अठ्ठावीस भरले, छताखालचे टेकू काढा. बाबा म्हणाले, "छतसुद्धा तुझ्याच ठोकळ्यांचं आहे ना, पोरी. तेच सांगायला आलो होतो."

त्याच मालाचं. तेच तर मी स्वतः —

ठोकळे टाकीत असते तर न फोडताच निकाल लिहिता आला असता. ताकद कमी भरली, एवढंच. महिनाभर टेकूला कुणी हात लावला नसता. एकच खोटी नोंद लिहिली आणि तीही चुकीची.

किसांगांना फोन केला. मी म्हणाले, ताकद बारा भरली, पंचवीस हवी तिथे बारा. ते म्हणाले, फेकलेल्या ठोकळ्यांची? आणि त्यांनी फोन ठेवला.

उठता येत नाही. टेकू मधून काढत जातात, मग कडेकडे. पाठीच्या मधोमध आत्ता —

बाबांचा पुन्हा फोन. मधला टेकू त्यांनी मिठीत धरलाय. पोरांना शिव्या देताहेत. पण बाकीचे टेकू — दोनशेच्या वर आहेत — सगळे कसे धरणार

भार उतरतोय. वरून. हळू. यंत्रात चढतो तसाच

बाबांना ओढून बाजूला केलं. दिसतंय इथून. म्हाताऱ्याला दोघांनी उचललं

आई, मी नोंद

हातोडा वर गेला