सॅक्साफोनच्या दोन वह्या

मास्तर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या बॅन्डमधला आता मी एकटाच उरलो आहे. दार लावून लिहायला बसलो, तरी कडी लागली का ते दोनदा उठून पाहिलं. बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, शुद्धलेखन चुकेल. तुम्ही माझ्या वहीत शुद्धलेखन कधी पाहिलं नाही, सूर तेवढे पाहिले. आणि एकदा, पाहायला हवे होते तेव्हा, तेही पाहिले नाहीत, कारण माझ्यावर सोपवले होते.

मंगळवारी तुमची नात आली होती. बुलढाण्याला शाळेत शिकवते. धामणगाव बढ्याच्या विहाराचं उद्घाटन झालं तेव्हा तिथल्या बायांनी स्वतः गाणं रचलं होतं आणि तुम्ही ते आपल्या बॅन्डसाठी बसवलं होतं, ते तिला शाळेच्या बॅन्डकडून वाजवून घ्यायचं आहे. त्यासाठी जुन्या वह्या मागायला आली. उंबऱ्यात उभी राहून "जयभीम बाबा" म्हणाली, आणि मला तुमचाच आवाज आल्यासारखं झालं.

ते गाणं तुम्ही कसं बसवलंत ते मी तिला सांगत बसलो. तुम्ही तीनदा एसटीने तिकडे गेलात, बायांमध्ये बसून नुसतं ऐकलंत. म्हाताऱ्या बाया एक ओळ म्हणायच्या, सुना ती उचलायच्या, मग सगळ्या मिळून उत्तर द्यायच्या. तुम्ही म्हाताऱ्यांची ओळ युफोनियमला दिलीत, सुनांची आम्हा क्लॅरिनेटवाल्यांना, आणि उत्तर दोन सॅक्साफोनला. बाया जिथे श्वास घेतात तिथे अख्खा बॅन्ड थांबवलात. आपला बॅन्ड वरातीचा. थांबणं आम्हाला ठाऊकच नव्हतं.

उद्घाटनाला निघायच्या सकाळी नांदुऱ्याच्या स्टॅन्डवरच्या हॉटेलात आपण चहाला बसलो आहोत. बायांनी आदल्या दिवशी शेवटी एक कडवं वाढवलं, त्याची चाल वेगळी, म्हणून तुम्ही ते पहाटे क्लॅरिनेटच्या वहीत लिहून आणलं आहे. माझ्यापुढे वही सरकवता. "सॅक्साफोनच्या दोन्ही वह्या तू उतरव. सा सरकवजो बे, विसरू नको." दोन्ही वाद्यांचा सा एका जागी नसतो. क्लॅरिनेटच्या वहीत जिथे सा, तिथे सॅक्साफोनच्या वहीत प लिहावा लागतो, आणि बाकीचे सूरही तसेच सरकवावे लागतात. हे मला झोपेतही येत होतं.

पण त्या सकाळी मी फुगलेला होतो. आदल्या तालमीत मी बायांच्या ओळीवर दोन-चार हरकती घेतल्या, तेव्हा सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "तुह्या लग्नात वाजवून राह्यला का? बायांच्या गाण्यावर बसू नको, त्याहीले गाऊ दे." ढोलवाला हसला. तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप मी, मला ते लागलं. त्या रागात, ढोलवाल्याशी तोंड चालवत, मी ते कडवं जसंच्या तसं उतरवलं. सा होता तिथे सा.

एवढ्यावर थांबलं असतं तर चूक म्हटलं असतं. मोताळ्याच्या पुढे एसटीत मला आठवलं. पेन्सिल खिशात होती, वह्या मांडीवर होत्या, दहा मिनिटांचं काम. पण पुन्हा सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. तुम्ही पुढच्या सीटवर डोळे मिटून नवं कडवं गुणगुणत होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. गर्दीत कोणाला कळतंय, असं मनाशी म्हणालो.

सगळ्यांना कळलं. विहारापुढे पहिली तीन कडवी इतकी सुंदर झाली की पुढची एक म्हातारी डोळे पुसत होती. चौथ्यात, त्या नव्या कडव्यात, बायांनी उत्तर उचललं आणि सॅक्साफोन भलत्याच सुरात शिरले. बाया गडबडल्या, थांबल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, कान नांदुऱ्यालेच ठेवून आले का?" लोक हसले. सॅक्साफोनवाल्याने वही तुमच्यापुढे धरली. तुम्ही पाहिलीत. अक्षर माझं. मग वही मिटून त्याला परत दिलीत आणि त्या म्हातारीला म्हणालात, "माही चूक झाली, माय. तुम्ही म्हणा, आम्ही थांबतो." शेवटचं कडवं बायांनी बॅन्डशिवाय म्हटलं.

परतीच्या एसटीत तुम्ही बोलाल म्हणून मी वाट पाहत होतो. तुम्ही डबा उघडलात, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवलीत आणि "खाय" म्हणालात, बस. महिनाभरात बॅन्डच्या मालकाने "मास्तरचे कान गेले" म्हणून तुम्हाला घरी बसवलं आणि तुमची जागा मला दिली. मी घेतली. त्याहून वाईट सांगतो. पुढे लग्नात, पंगतीत, लोक विचारायचे तेव्हा म्हातारपणी कान गेलेल्या मास्तरांची ती गोष्ट मीच रंगवून सांगायचो. लोक हसायचे. तुम्ही जिवंत होता तेव्हाही सांगितली आहे.

मंगळवारी वह्या पिशवीत घालता घालता तुमच्या नातीने विचारलं, "बाबा, आजोबांचे कान खरंच गेले होते का? आजीले ते कधीच पटलं नाही. म्हणायची, मी चुलीपाशी हळू बोललेलं त्याईले ओसरीवर ऐकू ये." तिने सहज विचारलं नव्हतं. उत्तरासाठी पिशवी खाली ठेवली होती तिने. कार्यक्रमात तुमच्याबद्दल चार शब्द बोलायचे आहेत, खोटं बोलायचं नाही, म्हणाली.

मी म्हणालो, "वय झालं होतं, बाई."

ती बरं म्हणाली आणि गेली. सॅक्साफोनच्या त्या दोन्ही वह्या तिच्याकडे आहेत. तिला सरगम वाचता येते. शेवटच्या कडव्यात सा सरकवलेला नाही हे तिला आज नाही तर उद्या कळेल. ते अक्षर तुमचं म्हणून ती समजेल आणि आजीचं चुकलं होतं असं धरून चालेल. मी सांगितलं नाही तर असंच होईल.

दुपारी तिचा फोन आला होता. झोपले म्हणून सांग, असं मी सुनेला सांगितलं. मी जागा होतो, मास्तर. हेच लिहीत होतो. तुम्हाला लिहिणं सोपं जातं.