भिंगरीचे गुडघे आणि पडद्यावरचे ठिपके

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच; माझी कंबर तुला माहीत आहे). तुझी तब्येत बरी असेल, आणि भावोजींचा खोकला व त्या खोकल्यावरचं त्यांचं व्याख्यान, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. हे नुसतं रीत म्हणून लिहीत नाही.

आमच्या भिंगरीचे गुडघे सकाळी सुजून कडक होतात, हे तुला फोनवर सांगितलं होतं. माझं म्हणणं, पोरगी गार फरशीवर बसते. हिचं म्हणणं, दप्तर जड. सासूबाईंचं म्हणणं, हे आमच्या घराण्यातून आलं (त्यांच्या मते या घरात नळ गळतो तोही आमच्या घराण्यातूनच). शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्यांनी सांगितलं, "रोगजंतूंशी लढणाऱ्या हिच्या पेशी हिच्याच सांध्यांवर उठल्यात. यात फरशीचा, दप्तराचा, कोणाचाच दोष नाही." सासूबाईंचा चेहरा पडला. मला इतकं हलकं वाटलं की मीच त्यांना पाणी आणून दिलं.

औषध सुरू झालं. शिवाय बाई अशा मुलांच्या रक्तातल्या पेशींचा अभ्यास करताहेत. भडकणाऱ्या पेशी किती, त्यांना आवरणाऱ्या किती, निरोगी मुलांपेक्षा फरक नेमका कुठे. तो कळला तर कोणत्या मुलाला कोणतं औषध लागू पडेल ते आधीच ओळखता येईल, अशी त्यांना आशा आहे (आशाच, खात्री नव्हे, हे त्यांनी मला बजावून सांगितलं, माझा चेहरा लगेच खात्री धरणाऱ्याचा आहे). रक्त देशील का, असं त्यांनी भिंगरीलाच विचारलं. ती म्हणाली, "माझ्या पेशी मला बघायला मिळणार असतील तर घ्या."

अशा वेळी बापाने जवळ असावं म्हणून मी तिचा हात धरून उभा राहिलो. त्यानंतर मला आठवतं ते थेट छत. नर्सबाई माझ्या तोंडावर वारा घालत होत्या आणि भिंगरी, कोपराशी कापूस दाबून, त्यांची समजूत काढत होती, "बाबा घरी असे नसतात." (पोरगी बापाची लाज राखते. घरी मी पालीलाही असाच भेटतो.)

पुढच्या खेपेला बाईंनी शब्द पाळला. पडद्यावर रंगीत ठिपक्यांचे पुंजके होते. एक ठिपका म्हणजे एक पेशी. मी एका दाट पुंजक्याकडे बोट रोखून, बापाला शोभेल अशा रागाने म्हणालो, "ह्याच त्या द्वाड."

"हा निरोगी मुलाचा नमुना आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीचा शेजारचा."

भिंगरी दोन्ही चित्रं बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माझ्यात आणि त्याच्यात एवढाच फरक?"

"एवढाच. तो नीट कळावा म्हणून तर आम्ही इथे बसलोय."

मी भावोजींसारखं खोकून वेळ मारून नेली.

ताई, औषध लागू पडतंय. काल सकाळी तिला नेहमीसारखं उचलायला गेलो तर पलंग रिकामा. भिंतीचा आधार न घेता ती स्वयंपाकघरापर्यंत गेली होती आणि दुधावरच्या सायीवरून आईशी भांडत होती. आणि भांडणात एरवी कधी माघार न घेणारी तिची आई पाठ फिरवून नुसतीच दूध ढवळत होती.

भावोजींना नमस्कार, भाच्याला गोड पापा (आता त्याला आवडत नसला तरी).

तुझा आज्ञाधारक (झेपतील तेवढ्या आज्ञांपुरता)
धाकटा

ता. क. : पत्र खरं तर यासाठी. बाईंना तुलनेला निरोगी मुलं मिळत नाहीत. धडधाकट पोराला सुई टोचून घ्यायला कोण आणणार? माझा भाचा भिंगरीहून जेमतेम मोठा आणि देवाच्या दयेने ठणठणीत. आतेभाऊ चालतो, मी विचारलंय. तुम्हा दोघांची आणि त्याची खुशी असेल तरच. भावोजींना जरा बेताने सांग.

आणखी एक ता. क. : आत्या, मी भिंगरी. बाबा पाकीट शोधतायत तोवर लिहिते. दादाला मी केव्हाच फोनवर विचारलं, तो हो म्हणाला. त्याचे पळायचे बूट आठवणीने आण. मला त्याच्याशी शर्यत लावायची आहे.