सोमवारपर्यंत

नाझरसाहेब, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आता मीही पेन्शनीत निघालो. हे काही टपालात पडायचं नाही, म्हणूनच लिहितोय. तालुक्याच्या कोर्टात मी तुमच्या हाताखाली कारकून म्हणून लागलो ते लढाईचे दिवस, कागददेखील जपून वापरायचे. गहाण घराचे पैसे भरायला जज्जसाहेबांनी मुदतवाढ दिली, की ताबा घेणाऱ्या बेलिफाला तशी चिठ्ठी जायची. लिहायचो मी, सही तुमची. पहिल्याच आठवड्यात तुम्ही बजावलं होतंत, नुसतं 'पर्यंत' लिहू नकोस, 'अखेरपर्यंत' लिही. त्या एका शब्दाखाली माणसं राहतात. मी मान डोलावली होती.

कापूस पिंजणाऱ्या एका पिंजाऱ्याला सोमवार अखेरपर्यंत मुदत मिळाली होती; त्याच्या चिठ्ठीत मी 'सोमवारपर्यंत ताबा घेऊ नये' एवढंच लिहिलं. छापील फॉर्मातली जागा चिंचोळी, 'अखेर' मावेना, आणि दुसरा फॉर्म मागायला तुमच्या टेबलापर्यंत यायचा मला कंटाळा आला. बेलिफानं रविवारी मुदत संपली असं धरलं. सोमवारी सकाळीच त्यानं पिंजाऱ्याच्या बायकोला नि मुलींना बाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली वादीच्या हातात दिली. पिंजारी पैशांसाठी श्रीरामपूरला मेहुण्याकडे गेला होता. दुपारच्या गाडीतून उतरून घरी गेला, आणि तिथून तडक कोर्टात आला. अजून दिसतो मला. दाढीत कापसाचे तंतू. पैशांचा रुमाल दोन्ही हातांनी तुमच्यापुढे ठेवतो आणि आवाज न चढवता म्हणतो, "सायेब, आज सोमवारच हाय न्हवं? सोमवार अजून सरला न्हाई."

तुम्ही चिठ्ठीची नक्कल मागवलीत, वाचलीत, माझ्याकडे पाहिलंत. "पर्यंत म्हणजे कुठवर?" एवढंच विचारलंत. चौकशीत तुम्ही लिहून दिलंत, की चूक सही करणाऱ्याची. तुमची बढती हुकली, जामखेडला बदली झाली. मला कुणी काही विचारलं नाही. लाज वाटायला हवी होती, पण आतून सगळं बधिर झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चिठ्ठ्या लिहायला बसलो.

तुम्ही अंथरुणाला खिळलात असं कळल्यावर जामखेडला आलो होतो. काकूंनी चहा दिला. तुम्हाला बोलताना धाप लागत होती, तरी तुम्ही विचारलंत, पिंजाऱ्याला घर परत मिळालं का रे? मी म्हणालो, मिळालं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत, आणि काकू म्हणाल्या, आज पहिल्यांदाच शांत झोप लागली यांना.

नव्हतं मिळालं, साहेब. ताबा एकदा गेला म्हणून त्याला नव्यानं अर्ज करावा लागला, तारखांवर तारखा पडत गेल्या. शेवटी अर्ज नामंजूर झाला, आणि तसं त्याला कळवणारा कागद मीच लिहिला. तुमच्याकडे आलो, त्याच्या आदल्या दिवशी.