तिसरी अ‍ॅग्नेस

कनाटा, कॅनडा, १२ जानेवारी २००६

ती. प्रमोदिनीताईस जयंतीचा सा. न. वि. वि.

इकडे बर्फ इतका की चारुदत्त रोज ऑफिसआधी तासभर शोव्हल करतो. मला सातवा लागला. डॉक्टर म्हणतात, या वेळी काळजी नको. घरात बसून वेड लागेल म्हणून जवळच्या खेड्याच्या इतिहासाचं काम घेतलंय. १८२१ साली स्कॉटलंडहून अकरा कुटुंबं आली, जंगल तोडून त्यांनी गिरणी बांधली. त्यांच्या चर्चची जुनी वही मी टाइप करते. तीत गिरणीवाल्याची लेक अ‍ॅग्नेस दोनदा मेलीय! मला लिहिणाऱ्याची चूक वाटली, मी एक नोंद गाळली. लायब्ररीतल्या शर्लीआजी म्हणाल्या, चूक नाही. मुलगी गेली की पुढचीला तेच नाव देत. दोघी गेल्या, तिसरी जगली. अंगावर काटा आला गं.

अशीच कान उपटत राहा.
तुझी जयू

नागपूर, ३ फेब्रुवारी २००६

चि. जयूस अनेक आशीर्वाद.

काटा कसला येतो, वेडाबाई? त्या बायकांना कळलं ते तुला कळेना. तुझी पहिली, आपली ईशानी, बारशाआधीच गेली. ते नाव कुणी मोठ्यानं घेतलंसुद्धा नाही. आई म्हणते, तीच परत येतेय. दुपट्यावर मी ‘ईशानी’ भरलंय, सोबत पाठवते. चारुदत्तला म्हणावं, बर्फ पुरे, आता बाळंतिणीचे लाडू वळायला शीक.

जिवाला जप. पोचल्याचं कळव.
ताई

कनाटा, १४ एप्रिल २००६

ती. ताईस सा. न.

तुझं पटलं होतं. दुपटं हॉस्पिटलच्या बॅगेतही भरलं होतं. पण बाळंतपणाच्या आदल्याच आठवड्यात शर्लीआजींनी तिसऱ्या अ‍ॅग्नेसच्या लेकीचं जुनं पत्र दाखवलं. त्यात ती लिहिते, आई नव्वद वर्षं जगली, पण कुणी हाक मारली की आधी मागे वळून बघे. विचारलं तर म्हणे, त्या दोघींना आधी ओ देऊ दे.

काल बारसं झालं. गौरांगीवन्सं इकडच्याच लव्हाल गावाहून आल्या. त्यांनी कानात ‘जाई’ म्हटलं. रागावू नकोस. वहीतली गाळलेली नोंदही मी परत घातली.

पाहुणे गेल्यावर दुपट्यावर हात ठेवून पहिल्यांदाच मोठ्यानं ‘ईशानी’ म्हटलं. पाळण्यात जाईनं मान वळवली नाही. हायसं वाटलं, ताई. तरी जरा वेळ थांबले, कुणी ओ देतंय का म्हणून.

दोघींवर माया असू दे.
जयू