मोहरीचे पाणी आणि निफाडची जमीन

मी, मंजुषा धम्मपाल गांगुर्डे, वय ७१, निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका, राहणार सातपूर कॉलनी, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, सकाळचा चहा घेऊन, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकटा भाऊ संतोष याला तो पटला नाही तरी कायद्याने चालतो.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी तेजल हिला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. फ्रीज विकण्यापूर्वी खालच्या कप्प्यातले डबे उघडून पाहावेत. ते लोणचे नाही.

२. लोखंडी चौकटही तेजललाच. ती जमिनीवर ठेवायची, आतली माती खणून गांडुळे हाताने वेचायची, मोजायची आणि परत सोडायची. ती बनवून घ्यायला मी गेले तेव्हा माझे पती कालकथित धम्मपाल सातपूरच्या एका वर्कशॉपात वेल्डर होते. आमची ओळखही नव्हती.

“फोटोची फ्रेम का, मॅडम?”

“नाही. गांडुळं मोजायला.”

त्यांनी मापाचा कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाले, “मग कडा घासून देतो. हात घालाल तेव्हा लागायला नको.”

पुढच्या वर्षी आमचे लग्न झाले. चौकट भिंतीवर टांगू नये, वापरावी.

३. आमचे माजी विभागप्रमुख देवरे सर यांना मोहरीची एक पुडी द्यावी. कुटलेली मोहरी पाण्यात कालवून जमिनीवर ओतली, की गांडुळे आपण होऊन वर येतात. लगेच साध्या पाण्यात धुतली, की त्यांना इजा होत नाही. हे मी सांगितले तेव्हा भर स्टाफरूममध्ये सर म्हणाले, “मॅडम, मोहरी फोडणीत घालतात.” सर हयात नसल्यास पुडी त्यांच्या चिरंजीवांना द्यावी.

४. निफाडच्या वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा. बांधाच्या अलीकडे माझी द्राक्षबाग, पलीकडे संतोषची. तो तणनाशक मारून जमीन फरशीसारखी स्वच्छ ठेवी. माझ्याकडे गवत आणि पाचटाचे आच्छादन.

“ताई, लोक हसत्यात तुझ्या बागेला.”

मी दोन्हीकडे मोहरीचे पाणी ओतले. माझ्याकडे गांडुळे वळवळत वर आली. त्याच्याकडे काहीच नाही.

“तुझ्या मोहरीतच दम नाय,” म्हणाला, आणि बोलणे सोडले. तेजलच्या लग्नात जेवला, पण माझ्याकडे न बघता गेला.

मग एका वर्षी अवकाळी पाऊस झाला. माझ्या बागेतले पाणी गांडुळांच्या बिळांतून मुरले. त्याच्या बागेत तळे साचले, मुळे सडू लागली. तो बांधावर आला तो चपला हातात घेऊन, पोटरीपर्यंत चिखल.

“ताई, ती बादली कुठंय तुझी?”

मी बादली भरून दिली. त्याने तणनाशक सोडले, शेण-पाचट टाकले. दर पावसाळ्यात आम्ही दोघे उकिडवे बसून पाणी ओतायचो आणि बघत राहायचो. काही येत नसे. शेवटी एकदा मी दवाखान्यात रांगेत असताना त्याचा फोन आला. “ताई, आलं! एक आलं!”

“कोणत्या जातीचं?”

“जात काय विचारती! आलं ना!”

आमच्या घराण्यात हा प्रश्न आपण होऊन विचारणारी मी पहिलीच असेन.

सबब, माझा हिस्सा संतोषला द्यावा. त्यावर गोदाम बांधल्यास किंवा तणनाशक मारल्यास तो तेजलकडे जाईल.

५. मला जमिनीत पुरावे, म्हणजे गांडुळांची परतफेड होईल, अशी सर्वांची समजूत आहे. पण पुरतात त्या खोलीवर आपल्याकडची गांडुळे क्वचितच असतात. ती वरच्या थरात राहतात. चुकीच्या ठिकाणी मला पाठवू नये. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. हात लावल्याशिवाय शरीर कळत नाही, हे मी जन्मभर शिकवले. पहिल्या वर्षाची पोरे घाबरतील. त्यांना सांगावे, चुकलात तरी मॅडम रागावणार नाहीत.

संतोषला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला मिळते त्याने सही करू नये, असे वकिलांनी सांगितल्यावर तो जिन्यात जाऊन बसला आहे. डोळे पुसून झाले की आत येईल.

साक्षीदार:
१. लंकाबाई साळवे, शेजारी (सही)
२. डॉ. आयुष पगारे (सही)

लिहून देणार: मंजुषा धम्मपाल गांगुर्डे (सही)
नाशिक, दि. १२ जुलै २०२४